पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला कोटभर रुपये येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतला वाडा पाडायला काढलाय, माळ्यावर पणजोबांची लांब नळीची बंदूक निघाली, परदेशात जुन्या बंदुका कोट्यवधींना जातात असं वाचलंय, तर हिचे किती येतील आणि विकायची कुठे?

कोटी येणार नाहीत. लाखही बहुधा नाहीत. मी पुण्यातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात बरीच वर्षं काम केलं. पेठांमधले वाडे पडायला लागल्यापासून हा प्रश्न घेऊन येणारे कमी नव्हते. त्यातल्या कुणाचं नशीब बंदुकीने उजळलेलं मी पाहिलं नाही.

किमतीच्या आधी एक गोष्ट. ती बंदूक भरलेली असू शकते. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक, एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं. शिकार मिळाली नाही तर माणसं ती तशीच खुंटीला टांगायची. आत काळी दारू कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीसुद्धा पेटते. म्हणून घोडा ओढून बघू नका, नळीत डोकावू नका, पोरांना फोटोसाठी हातात देऊ नका, आणि गंज काढायला तापवण्याचा शहाणपणा तर मुळीच नको. जाणकार माणूस नळीत गज घालून तो कुठे अडतो ते मापतो आणि कानाच्या, म्हणजे आतली दारू पेटवायच्या भोकाच्या, जागेशी ताडून पाहतो. ते काम त्यालाच करू द्या.

आता कोटींकडे. आजवर लिलावात सर्वांत महाग गेलेली बंदूक दिसायला अगदी साधी आहे. कोल्ट कंपनीचं सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर, ना सोन्याचं काम, ना हस्तिदंती मूठ. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरला शेरीफ पॅट गॅरेटने याच रिव्हॉल्व्हरने बिली द किड या गुंडाला मारलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात त्याला ६० लाख ३० हजार डॉलर मिळाले, तेव्हाच्या दराने चव्वेचाळीस कोटींच्या वर. कोल्टने या नमुन्याची रिव्हॉल्व्हरं लाखोंनी बनवली. म्हणजे दुर्मीळ वस्तू नव्हेच.

मग पैसे कशाचे? कागदांचे. गॅरेटने ते हत्यार आधी बिलीच्याच टोळीतल्या एका साथीदाराला पकडलं तेव्हा काढून घेतलं होतं. पुढे ते एल पासो शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात प्रदर्शनाला लागलं. गॅरेट १९०८ मध्ये मारला गेला. नंतर त्याच्या विधवेने ते परत मिळवण्यासाठी कोर्टात भांडून निकाल आपल्या बाजूने घेतला. त्या बाईने दावा लावला नसता तर आज ते रिव्हॉल्व्हर खरं की खोटं यावरच लोक वाद घालत बसले असते. कोण कोणाकडून कधी घेऊन गेलं याची साखळी तुटली नाही, म्हणून चव्वेचाळीस कोटी.

आपल्याकडचं उदाहरण टिपू सुलतानाचं. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि त्याचं शस्त्रागार इंग्रजांनी लुटलं. एप्रिल २०१५ मध्ये लंडनला त्याच्या शस्त्रांचा एक मोठा खासगी संग्रह विकला गेला. त्यातल्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, एका शिकारी बंदुकीला ७ लाख २२ हजार ५०० पौंड आले, म्हणजे पावणेसात कोटींच्या आसपास. चारच वर्षांनी, २०१९ मध्ये, बर्कशायर परगण्यातल्या एका कुटुंबाला घराच्या माळ्यावर टिपूचीच आणखी एक चकमकीची बंदूक सापडली. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या पूर्वजाने आणलेली, चांदीने मढवलेली, लढाईत मार खाल्लेली. तिला ६० हजार पौंड आले. मालक तोच, माळाही तुमच्यासारखाच, पण किंमत बारा पट कमी. संग्राहक लोक अवस्था, संग्रहाचं नाव आणि त्या दिवशी दालनात कोण हट्टाला पेटलाय, या सगळ्याचे पैसे मोजतात.

टिपूच्या बंदुकांचं आणखी एक बरं असतं. त्यांची ओळख त्यांच्या अंगावरच असते. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, ‘हैदर’ नावाचा छाप, कारागिराचं नाव, आणि टिपूने स्वतः चालू केलेल्या मौलुदी सनातलं वर्ष. आपल्या भागातल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणाऱ्या, बंदुका मी पाहिल्या त्यांच्यावर असलं काही क्वचितच होतं. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली सुरेख नळी असते, पण कोणी घडवली, कोणासाठी, कोणत्या साली, काही पत्ता नाही. ज्या गावात पेशवे दफ्तरातल्या रुमालांत, म्हणजे कागदांच्या गाठोड्यांत, खर्चाच्या नोंदी जपून ठेवल्यात, त्याच गावातल्या घराघरांतल्या बंदुकांचे बाप कोण ते कुणालाच ठाऊक नसावं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. म्हणून माळ्यावर बंदुकीसोबत एखादी मोडीतली चिठ्ठी, जुना परवाना, नेमणुकीचा कागद निघाला तर रद्दीत टाकू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. कदाचित तो कागद बंदुकीपेक्षा मोलाचा निघेल.

तुमची बंदूक नेमकी कोणती ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अंदाज बांधता येतो. लाकूड सडपातळ आणि जवळजवळ सरळ असेल, नळी पट्ट्यांनी किंवा तारेने बांधलेली असेल, तर तोड्याची देशी बंदूक. चकमकीचा घोडा असेल आणि त्याशेजारच्या पत्र्यावर मागच्या पायांवर उभा सिंह कोरलेला असेल, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीने स्वतःसाठी ३९ इंची नळीचा स्वस्त नमुना बनवून घेतला होता. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश लष्कराने १७९७ मध्ये तोच नमुना आपल्या फौजेसाठी उचलला. तो इतका निघाला की त्यात दुर्मीळ म्हणावं असं काही उरलं नाही. १८५७ नंतरची असेल तर आणखी एक गंमत. बाहेरून हुबेहूब इंग्रजांची एन्फिल्ड रायफल दिसते, पण नळी आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे रायफलीचे आटे नाहीत. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची इंग्रजांना भीती वाटत होती, म्हणून त्यांना ही मुद्दाम कमी मारा करणारी दिली. इतिहास म्हणून मला ती टिपूच्या चांदीपेक्षा जास्त आवडते. बाजाराला नाही आवडत.

बाजाराचं तर विचारूच नका. २००३ मध्ये दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी मिळून काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातलं, लगन सिलेखान्यातलं शस्त्रभांडारच विकत घेतलं. हजारोंनी जुन्या बंदुका, कंपनीच्या धाटणीच्या, मार्टिनी-हेन्री या इंग्रजी नमुन्याच्या रायफली, आणि नेपाळात बनलेल्या गहेंद्र रायफलीसुद्धा. तोवर ज्या वस्तूसाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबायचे ती अमेरिकेत टपालाने घरपोच मिळायला लागली. शिवाय खैबरच्या बाजूला बनलेल्या नकला आहेतच. त्यांच्यावर राणीचा मुकुट असतो, पण इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली.

थोडी आशा ठेवायची तर ती मागून काडतूस भरायच्या, विलायती बनावटीच्या दुनळीवर. संस्थानिक आणि सरदार घराण्यांनी हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडून बंदुका मागवल्या होत्या. त्या कंपन्यांच्या वह्या अजून आहेत. नळीवरच्या नंबरावरून बंदूक कधी आणि कोणासाठी घडवली ते बऱ्याचदा सांगता येतं. हॉलंडची ‘पॅराडॉक्स’ हाती लागली तर माझेही कान टवकारतील. नळीच्या अगदी शेवटच्या काही इंचांतच आटे, त्यामुळे छर्राही उडतो आणि गोळीही. ही कल्पना इथल्याच फौजेत नोकरी केलेल्या जॉर्ज फॉस्बेरी या अधिकाऱ्याची.

आता कायदा, कारण तुमचा खरा प्रश्न इथे अडतो. ठासणीची असली तरी ती अग्निशस्त्रच आहे आणि तिला परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जी उडू शकणार नाहीत अशांनाच. ‘आमची खूप जुनी आहे’ एवढं पुरत नाही. ती उडू शकते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. वकिलाला विचारून लेखी अर्ज घेऊन आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जा. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. बंदूक पिशवीत घालून रिक्षाने नेऊ नका. पणजोबांच्या नावचा परवाना सापडला तर वारस म्हणून अर्ज करता येतो, मात्र २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

लंडनच्या आकड्यांचा तुम्हाला उपयोग नाही तो १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच, परवाना असलेलं, आणि असं गिऱ्हाईक जुन्या ठासणीच्या मागे नसतं. त्याला चालू हत्यार हवं असतं. १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून विलायती, .३२ इंच व्यासाच्या नळीची, वापरलेली रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे लाखांत विकली गेली. जी विलायतेत कुणी काचेच्या कपाटातही ठेवणार नाही, अशी. आपल्याकडची महागाई टंचाईची आहे, त्यात इतिहासाला शून्य मार्क.

द्यायचीच असेल तर संग्रहालयाला विचारा. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाने लोकांच्या घरातून अशाच वस्तू गोळा करून उभं केलं. घेतीलच असं नाही, पण अर्जासोबत घराण्याची माहिती जोडलीत तर निदान नीट बघतील. दान करायलाही पोलिसांकडची बाजू आधी पूर्ण करावी लागेल.

आणि कृपा करून घासू नका. चिंच-मीठ लावून पितळ लखलखीत केलेल्या, लाकडाला पॉलिश मारलेल्या बंदुका दुकानात यायच्या. वर्षानुवर्षं चढलेला काळसर रंग गेला, खुणा झिजल्या, की उरलीसुरली किंमतही जाते. पोलिसांकडचं काम उरकल्यावर ओळख पटवायची असेल तर इथे फोटो टाका: घोड्याशेजारचा पत्रा, नळीचा मागचा भाग, दस्त्यावरचे शिक्के, तिन्ही उन्हात आणि जवळून. नंबर आणि घराचा पत्ता मात्र झाकून.