वडिलांच्या काळी सोलापुरात संध्याकाळी रेडिओवर काय ऐकायचे? त्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ भेट द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं लहानपण सोलापुरात गेलं, ते सारखे रेडिओच्या सुवर्णकाळाबद्दल बोलतात, आणि पंचाहत्तरीला त्यांना तसाच जुना, व्हॉल्व्हचा म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांचा सेट द्यायचा तुमचा विचार आहे. आधीच्या सगळ्या उत्तरांत एकच ठरलेलं वाचलं: बुधवार, रात्रीचे आठ, रेडिओ सिलोन, अमीन सयानींची हिंदी सिनेगाण्यांची गीतमाला. ते वाचून राहवलं नाही. माझा थोरला भाऊही आयुष्यभर हेच सांगत आलाय आणि मला ते आजवर पटलेलं नाही.

गीतमाला मीही जीव लावून ऐकली आहे. यंदा कुठलं गाणं कितव्या पायदानावर जाणार यावरून शाळेत आमच्या पैजा लागत. पण ती आठवड्यातून एकच तास होती. बाकीच्या सहा संध्याकाळींचं काय? आणि सिलोनला एवढं मोठं केलं कुणी, तर आपल्याच सरकारने. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली. सिलोनला, म्हणजे श्रीलंकेत, कोलंबोत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं जोरदार प्रक्षेपण केंद्र तयारच होतं. लोकांनी काटा तिकडे वळवला. आकाशवाणीला शहाणपण यायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला, त्या दिवशी विविध भारती सुरू झाली. पुढे आमच्याकडे संध्याकाळी फौजी भावांची जयमाला आणि नंतर हवामहल शॉर्ट वेव्हवरच लागायचं, आवाज कधी जवळ येई, कधी लांब जाई.

सोलापूरची खरी गंमत मात्र मीडियम वेव्हवर होती, आणि ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. दिवसा सूर्याच्या उन्हाने वातावरणात वर डी नावाचा थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो मैल लांबची केंद्रं लागायला लागतात. आता सोलापूर नकाशावर बघा. एका बाजूला पुणे, एका बाजूला धारवाड, एका बाजूला हैदराबाद. दुपारी नुसती खरखर असणाऱ्या काट्यावर दिवेलागणीनंतर मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलायला लागत. आणि हे तिन्ही बोलणारे लोक आमच्या एकाच वाड्यात राहत होते.

आम्ही साखर पेठेजवळ राहायचो. आण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्या मिलमध्ये. पहिली पाळी असली की साडेतीनपर्यंत घरी. मागच्या अंगाच्या खोलीत अक्का, तेलुगू, घरी विड्या वळायच्या. त्यांचे यजमान मागावर कापड विणायचे. जिन्याखालच्या दोन खोल्यांत कानडी शाळेतले मास्तर. सेट एकच, आमचा, मर्फीचा, व्हॉल्व्हचा. दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन भरावं लागे. बटण फिरवलं की आधी काचेमागचा दिवा लागायचा, आवाज यायला अर्धा मिनिट जाई, म्हणून बातम्यांच्या आधी पाच मिनिटं आण्णा तो गरम करायला लावायचे. काचेवर गावांची नावं छापलेली. हिरवा डोळा होता, त्याच्या दोन पाकळ्या जवळ आल्या की केंद्र नेमकं लागलं असं समजायचं. शेजारच्या शेडमध्ये पॉवरलूम होते, तिथला स्टार्टर खटकला की इकडे कर्र वाजायचं. आण्णांनी एरियलची तार मुद्दाम उलट्या बाजूला, पत्र्यावरून पिंपळाकडे नेली होती आणि अर्थिंगची तार मोरीतल्या नळाला.

संध्याकाळचा क्रम ठरलेला होता. सातला मुंबईहून प्रादेशिक बातम्या, त्या आण्णांच्या. मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम असेल तर बाजारभाव ऐकायला वाड्याच्या मालकांचे गडी उंबऱ्यापाशी येऊन बसत. पावणेनऊला दिल्लीच्या हिंदी बातम्या, देवकीनंदन पांडे यांचा आवाज आला की पोरांनी गप्प बसायचं. मधल्या वेळेत एकेकाची पाळी. मास्तरांना धारवाड. गायक मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राशी जोडलेले होते, ते वचनं, म्हणजे शरण संतांच्या कानडी रचना, गात. बाराव्या शतकात आमच्या सिद्धरामेश्वरांनी सोन्नलिगेत, म्हणजे आमच्याच गावात, कानडीत वचनं लिहिली. सिद्धरामाचं वचन लागलं की मास्तर उभे राहून ऐकायचे आणि मग आम्हाला अर्थ सांगायचे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मागे धावणाऱ्या आम्हा पोरांना, आपण ज्याची यात्रा करतो तो कवी होता हे कुठल्याही मराठी पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं. ते धारवाड केंद्राने आणि मास्तरांनी सांगितलं.

आता ज्या रात्रीवरून दादाचं आणि माझं आजही जुळत नाही ती सांगते.

महिन्यातून एका रात्री साडेनऊला नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम असायचा. एकच नाटक निवडायचं, त्याची निरनिराळ्या भाषांत भाषांतरं करायची आणि त्या त्या केंद्राने ते एकाच वेळी आपापल्या भाषेत लावायचं. म्हणजे पुण्यावर मराठीत, धारवाडवर कानडीत, हैदराबादवर तेलुगूत, एकाच रात्री तेच नाटक. पुढच्या काळात हैदराबाद ७३८, धारवाड ७६५ आणि पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. तेव्हाही ही तिघं काट्यावर शेजारीच होती, मनगट जरासं वळवलं की गाव बदलायचं.

मी तेव्हा सातवी-आठवीत, दादा मॅट्रिकला. नाटक म्हाताऱ्या बापाचं आणि गाव सोडून गेलेल्या मुलाचं होतं. आण्णांनी सुरुवात पुण्यावर लावली. पात्रांची नावं, कोण कुणाचा कोण, सगळं कळून घेतलं. अर्धा तास झाल्यावर त्यांनी काटा धारवाडला नेला. मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले आणि हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. आम्हाला फार अडलंच नाही, गोष्ट माहीत होती, आवाजावरून बाप ओळखू येत होता. थोड्या वेळाने हैदराबाद. अक्का दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू. अक्कांचे हात कधी थांबत नसत. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड बोटाने दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, हे सगळं न बघता. त्या सांगायच्या आणि वळायच्या.

शेवटचा प्रवेश आला. मुलगा परत येतो. दादा उठून काट्याजवळ गेला आणि म्हणाला, "आण्णा, आता पुणं लावा, शेवट तरी नीट कळू दे. सेट आपला हाय."

आण्णा म्हणाले, "सेट आपला हाय म्हणूनच आपण थांबायचं. ती दिवसभर पानं कातरती, तिच्या भाषेत हितं काय वाजतंय? शेवट अक्काला."

काटा हैदराबादवरच राहिला. मुलगा दार वाजवतो, बाप आतून विचारतो कोण आहे. तेवढ्यात अक्कांच्या बोटांतली विडी तशीच अर्धी वळलेली राहिली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या काही सांगेनात. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बाप म्हनतोय, माझा मुलगा भाईर गेलाय, तू कोन? दार उगडत नाही." आणि बोलता बोलता त्या स्वतःच्या मुलाकडे बघायला लागल्या, तो तेव्हा मुंबईला कापडगिरणीत लागायचं म्हणत होता.

दादा पुण्यात स्थायिक झाला, चांगल्या पदावरून निवृत्त झाला, आणि अजून म्हणतो की त्या रात्री आण्णांनी नाटकाची नासाडी केली. कुणालाच धड ऐकायला मिळालं नाही, तीन तुकडे केले, तिन्ही अर्धवट. त्याचं म्हणणं, सुवर्णकाळ म्हणजे सिलोन, कारण तिथे सगळ्यांना एकच हवं असायचं, भांडण नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं. सगळ्यांना एकच हवं असलं तर शेजाऱ्याची ओळख व्हायची कशी? मास्तरांची आणि अक्कांची भाषा मला पुढे जन्मभर कामाला आली. मी बँकेत होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका काउंटरवर आल्या की मी तेलुगूत विचारायचे, आणि ज्या पासबुक पुढे करायला लाजत त्या बोलायला लागत. हे शिक्षण मला कुठल्या क्लासने दिलं नाही.

आणखी एक. सिलोनवाले तयार तबकड्या लावत. उत्तम लावत, अमीन सयानींसारखा निवेदक परत झाला नाही, हे मान्य. पण आकाशवाणीने माणसं बसवून नवीन घडवलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी झाली. ते माझ्या कळत्या वयाआधीचं, पण त्या वेळी रेडिओच्या सेटला हार घालून लोक ऐकत असं आण्णा सांगायचे. १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, दीड तास सलग. मिलच्या कामगाराला त्या काळचे मोठमोठे गवई घरी बसून ऐकायला मिळत. दादाला हे सगळं 'सरकारी' वाटतं. सरकारी तर सरकारी. ज्या केसकरांनी गाणी काढून टाकली त्यांच्यावर मी चिडतेच, पण शास्त्रीय संगीताच्या त्या बैठका त्यांच्याच काळात घरोघर पोचल्या, हेही बोललं पाहिजे.

आता तुमच्या भेटीबद्दल. वडील कोणत्या पेठेत, कुणाच्या शेजारी राहत होते ते आधी विचारा. शेजारी तेलुगू होते की कानडी, सेट स्वतःचा होता की दुसऱ्याच्या ओट्यावर बसून ऐकायचे, हे विचारलंत तर ते तासभर बोलतील. जुनी गाणी भरून मिळणारा डबा मात्र आणू नका. त्यात पुढे काय लागणार याची वाट बघावी लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाची पाळीही येत नाही. माझ्या मुलाने मला तो आणून दिला होता, आता भाचीकडे आहे.

व्हॉल्व्हचा सेट घ्यायचाच असेल तर शोभेसाठी घेताय की ऐकायला, हे आधी ठरवा. ऐकायला असेल तर एक गोष्ट जरा उशिरा सांगतेय: मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झालीत, तेव्हा तुमच्या गावी रात्री काय लागतं ते आधी एखाद्या साध्या ट्रान्झिस्टरवर बघून घ्या. एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर मीडियम वेव्हवर फार खरखर आणतात, ते बंद करून बघा, खिडकीपाशी बघा, आणि सूर्य मावळल्यावरच बघा. जुन्या बाजारात सेट मिळाला तर घरी आणून थेट प्लग लावू नका. त्यातले कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत खराब झालेले असतात, ते आधी बदलून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातील. एसी-डीसी दोन्हीवर चालणाऱ्या काही सेटची आतली चॅसी, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. मागची फळी काढून हात घालू नका, नातवंडांनाही घालू देऊ नका. व्हॉल्व्हची कामं येणारा मेकॅनिक आता सहज भेटत नाही. आधी तो शोधा, मग सेट.