कुठलं खरं हे विचारू नकोस, कशावरून ते विचार

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकाच घटनेबद्दल विकिपीडिया एक सांगतो आणि एका अभ्यासकाचा ब्लॉग दुसरंच, त्यामुळे तुझं लिखाण अडलंय. ‘यातलं विश्वासार्ह कोणतं?’ असं तू विचारलंस. अगं, हा प्रश्नच सोडून दे. दोघांनाही एकच विचार: कशावरून?

विकिपीडियावरचं वाक्य कुणा एकाचं नसतं. वॉर्ड कनिंगहॅम या संगणक प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येणारं संकेतस्थळ, सुरू केली, तीच मुळी येणाऱ्याला पान दुरुस्त करता यावं म्हणून. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने पुढे नियम केला की स्वतःचं संशोधन इथे मांडायचं नाही, इतरत्र प्रसिद्ध झालेलंच सांगायचं. म्हणजे मूळ आपल्याकडे नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. मूळ तळटीपेत असतं. तू तळटीपा उघडल्यास का? पत्रात एकीचाही उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

आणि तळटीप दिसली म्हणजे काम झालं, असंही समजू नकोस. इंग्रजी विकिपीडियावर गोव्यातल्या डिचोलीच्या संघर्षावर एक लांबलचक लेख होता: १६४०-४१, पोर्तुगीज विरुद्ध मराठा साम्राज्य. २००७ मध्ये त्याला चांगल्या लेखाचा दर्जाही मिळाला. असं युद्ध कधी झालंच नव्हतं! अखेर एका संपादकाने संदर्भातली पुस्तकं शोधायला घेतली, ती सापडेनात, आणि २०१२ च्या डिसेंबरात लेख काढून टाकला गेला. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मग साम्राज्य कुठलं? पाच वर्षं तो लेख उभा होता, कारण ‘कशावरून?’ हे कुणी नेटाने विचारलं नाही.

ब्लॉगचं बळ वेगळं. तिथे एक माणूस स्वतःच्या नावाने बोलतो, पाहिलेलं सांगतो, कुठे अडलो तेही सांगतो. गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये एका प्रमेयाची नवी सिद्धता शोधण्याचं काम आपल्या ब्लॉगवर सगळ्यांसमोर मांडलं. अनेकांनी तिथेच विचार केला, चुकले, सुधारले, आणि हाती लागलेलं नीट लावून ठेवायला विकी वापरली. काही आठवड्यांत सिद्धता मिळाली. असला जिवंत विचार विश्वकोशात सापडायचा नाही. पण ब्लॉगलेखक काल लिहिलेलं आज गुपचूप बदलू शकतो आणि तुला पत्ताही लागत नाही. विकिपीडियावर ‘इतिहास पहा’ दाबलंस की कुठलं वाक्य कधी बदललं ते दिसतं, शेजारच्या ‘चर्चा’ पानावर त्यावरचे वादही. ती दोन पानं वाचल्याशिवाय लेख वाचला म्हणू नकोस.

दोन ठिकाणी तेच आहे म्हणून खरं, असंही तू लिहिलंयस. नाही! ब्लॉगने विकिपीडियावरून उचललेलं असतं, मग त्याच ब्लॉगचा दाखला विकिपीडियात येऊन बसतो. साक्षीदार दोन दिसतात, असतो एकच.

मला हेकट म्हणतात, हे तुझ्या कानावर आलं असेलच. बिनसंदर्भाचा मजकूर मी परत पाठवतो, मग लिहिणारा कितीही जवळचा असो. त्यापायी चांगली माणसं दुरावली, त्याची हळहळ अजून आहे. पण छापलेलं वाक्य पुढे कुणीतरी खरं मानून वापरतं. त्या न पाहिलेल्या वाचकाची बाजू मी नाही घ्यायची तर कुणी? मी बदलणार नाही. तूही लोकांच्या नाराजीला भिऊन ढिली पडू नकोस. तुझ्यात ती धमक आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

आता उठ. त्या लेखात घटनेच्या तारखेला कोणती तळटीप आहे ते बघ, ते पुस्तक ग्रंथालयातून मिळव आणि ते पान स्वतः वाच. ब्लॉगवाल्या अभ्यासकाला सरळ पत्र लिहून आधार विचार. चांगला अभ्यासक त्याने चिडत नाही. ब्लॉगच्या पानाची प्रत मात्र आजच इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून ठेव. ज्यांच्यावर मी शिकलो ते कितीतरी ब्लॉग आज उघडत नाहीत. दोन्हीकडचा आधार हाती आला की मला कळव, मग तुझा मसुदा बसून पाहू.