वाचक विचारतात : गाडीतला स्क्रीन आणि रस्त्यावरची नजर

प्रश्न : नव्या गाडीत एसी, पंखा सगळं टचस्क्रीनवर आहे. पावसात समोरची काच धुरकटली की मेनू शोधताना नजर रस्त्यावरून हटते. सवयीने जमेल का?

उत्तर : पूर्ण जमणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. नॉब बोटांना न बघता सापडतो, किती खटके फिरला तेही बोटांनाच कळतं. सपाट काचेवर बोटांना काहीच लागत नाही. खड्ड्यात गाडी हादरली की बोट शेजारच्या चिन्हावर पडतं. मग काय दाबलं गेलं ते बघायला नजर पुन्हा खाली, दुरुस्त करायला तिसऱ्यांदा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. दोन सेकंद खाली बघितलंत, तर ४४ मीटर आंधळेपणाने गेलात.

पाऊस असेल तर निघण्याआधीच एसी सुरू करा, झोत काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. आतलीच हवा फिरत राहिली तर श्वासातली वाफ काचेवर बसते. काचेवरच्या झोताचं चिन्ह पहिल्या पानावर आणता येतं का, किंवा स्टिअरिंगवरच्या बटणाला जोडता येतं का, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. पत्ता टाकणं, आरसे लावणं ही कामंसुद्धा गाडी उभी असतानाच उरकायची.

प्रश्न : हँड्सफ्रीवर बोलायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. हात मोकळे राहतात, लक्ष नाही. डोळे समोर असूनही समोरचं टिपलं जात नाही. शेजारी बसलेला माणूस वाहतूक बघून गप्प होतो. फोनवरच्याला तुमच्यापुढचा ट्रक दिसत नसतो. फोन 'ड्रायव्हिंग मोड'वर टाकून हात पोचणार नाही असा ठेवा.

प्रश्न : मग सरकारने नियम करावेत की हे चालकावर सोडावं?

उत्तर : नियम हवेतच, आणि आधी गाडी बनवणाऱ्यांसाठी. हातात फोन धरायला बऱ्याच देशांत बंदी आहे, पण कारखान्यातूनच बसवून आलेल्या स्क्रीनला ती सहसा लागत नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये मोजमाप दिलं : एका वेळी नजर २ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, आणि एका पूर्ण कामात सगळी मिळून ती १२ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये. मोजमाप चांगलं आहे, पण ते पाळणं कंपन्यांच्या मर्जीवर राहिलं. युरोपीय संघाने चालकाचं लक्ष उडालं की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली : नव्या मॉडेलना जुलै २०२४ पासून, सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२६ पासून. हे उपयोगी आहे, पण नजर हटल्यावरच तो इशारा वाजतो. मुळात ती हटायला लावणारी मांडणीच बदलायला हवी. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणारी युरो एनकॅप ही सरकारी संस्था नाही, तरी २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना वेगळी बटणं द्या, असं तिने कंपन्यांना बजावलं आहे. आमच्या मते त्या यादीत काचेवरच्या झोताचं बटणही असावं, आणि चालत्या गाडीत चालकापुढचा व्हिडिओ व टायपिंग आपोआप बंद व्हावं.

मात्र सरसकट कुलूप घालू नये. शेजारच्यालाही पत्ता टाकता आला नाही, तर चालक सरळ फोन हातात घेतो, आणि पोलिसाला दिसू नये म्हणून मांडीवर धरतो. तिथे नजर स्क्रीनपेक्षाही खाली जाते.