वाटा दोनच दे, पण खऱ्या दे

तुझ्या व्हिडिओ गेमचं मिशन वाचलं: १९६१ पूर्वीचा गोवा, रायबंदरहून नदीपलीकडच्या चोडण बेटावर गुप्त चिठ्ठी पोचवायची. कल्पना फार आवडली. पण वाटा सहा आणि शेवट एकच, ही मोकळीक नुसती दिखाऊ. दोनच ठेव: धक्क्यावरच्या पोर्तुगीज शिपायाला चकवणं किंवा रात्री होडीतून मांडवी ओलांडणं. शिपायाने चेहरा पाहिला असेल, तर पुढच्या मिशनात त्याने ओळखलंच पाहिजे. हिशेबही कर, दोन पर्यायांचे तीन निर्णय म्हणजे आठ शक्यता, आणि प्रत्येक तुलाच तपासायची आहे.

चिठ्ठी घेणाऱ्यालाच खेळाडूने मारलं तर? ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या गेममध्ये (२०१०) जवळजवळ कुणालाही मारता येतं, तरी कथा अडत नाही, येस मॅन हा रोबो नष्ट केला तरी नव्या शरीरात परत येतो. असा राखीव दुवा तुलाही लागेल.

एकाच सरळ रेषेत जाणाऱ्या कथेला मात्र कमी लेखू नकोस. चिठ्ठी उघडण्याचा प्रसंग एकाच वाटेने येऊ दे, तिथला वेग तुझ्या हातात हवा. आधी तो पूर्ण कर, नदीवरच्या वाटा नंतर मोकळ्या कर.