वाचक विचारतात: माझ्या जन्माआधीची गाणी मला का आवडतात?

प्रश्न: मी चोवीस वर्षांची आहे आणि माझी प्लेलिस्ट बघितली तर अर्ध्याहून जास्त गाणी माझ्या जन्माच्या आधीची निघतात. बरं एका प्रकारची पण नाहीत, गझल आहे, रॉक आहे, जॅझ पण आहे. मैत्रिणी म्हणतात तू म्हातारी झालीस. नॉस्टॅल्जिया म्हणावं तर मी त्या काळात नव्हतेच ना! मग काय आहे हे?

उत्तर: म्हातारी वगैरे काही नाही झालात. आणि नॉस्टॅल्जियाचं तुम्ही बरोबर पकडलंत. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला सगळ्यात घट्ट चिकटतात असं मानसशास्त्रवाले सांगतात, त्यामुळे आईला तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं गाणं ऐकून भरून येतं हे समजू शकतं, पण तुमच्याकडे तर त्या आठवणीच नाहीत, म्हणजे जे काही आहे ते गाण्यातच असणार.

माझं मत विचाराल तर जे गाणं दुसऱ्याच्या गळ्यात गेलं तरी जिवंत राहतं तेच टिकतं. 'हर्ट' घ्या. १९९४ मध्ये नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचं आलं तेव्हा लिहिणारा ट्रेंट रेझ्नर तिशीच्या आतला, आवाज मुद्दाम खरखरीत, शेवटी नुसता गोंगाट. तेच २००२ मध्ये जॉनी कॅशने गायलं, सत्तरीचा माणूस, जन्मभर कंट्री (म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या मातीतलं संगीत) गाणारा, आवाज थकलेला, आणि एक शब्द सोडला तर ओळी त्याच. पण आधी जे एका तरुणाचं स्वतःवरचं चिडणं वाटत होतं ते आता आयुष्याचा हिशोब मांडल्यासारखं वाटायला लागलं (पुढच्याच वर्षी कॅश गेला, म्हणून तर ते अजून लागतं). गाणं बदललं नाही, गाणारा बदलला, आणि शब्दांमध्ये दोघांना पुरेल एवढी जागा होती.

ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' १९८८ चं. ३५ वर्षांनी, २०२३ मध्ये, ल्यूक कॉम्ब्स नावाच्या कंट्री गायकाने ते घेतलं तर ते पुन्हा हिट, आणि कंट्रीवाल्यांनी त्या वर्षीचा साँग ऑफ द इयर पुरस्कार गीतकार म्हणून चॅपमनला दिला. आणि आपलं 'मोगरा फुलला' तर बघा, शब्द ज्ञानेश्वरांचे, तेराव्या शतकातले, चाल हृदयनाथांची, म्हणजे मधे जवळजवळ सातशे वर्षं! आपण लताबाईंच्या आवाजात ऐकतो तेव्हा हे लक्षातही येत नाही.

सोपं असतं म्हणून टिकतं, असं काही जण म्हणतात ते मला अर्धंच पटतं. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या जॅझ बँडचं 'टेक फाइव्ह' (१९५९) पाच मात्रांचं आहे, पाश्चात्त्य कानाला तेव्हा ते चांगलंच आडवं जाणारं होतं. पण पियानोवर एकच ठेका सारखा फिरत राहतो, त्याला धरून बसलं की दोन मिनिटात तुम्ही मान डोलवायला लागता. म्हणजे अवघड असलं तरी चालतं, ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी द्यावं लागतं.

प्रश्न: बाबांचं ठाम मत आहे की आताची गाणी म्हणजे सगळा कचरा. खरंय का?

उत्तर: बाबांच्या काळात पण भरपूर कचरा होता हो, फक्त तो आता कोणी लावत नाही. गाळून उरलेली पन्नास गाणी एका बाजूला आणि या आठवड्यात आलेली सगळी दुसऱ्या बाजूला, ही तुलनाच चुकीची आहे. शिवाय कुठलं टिकेल ते लगेच कळतही नाही. लुई आर्मस्ट्राँगचं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' १९६७ मध्ये अमेरिकेत आपटलं होतं, ब्रिटनमध्ये चाललं, आणि अमेरिकेत उचललं गेलं ते वीस वर्षांनी एका सिनेमात वाजल्यावर. केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ चं, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं २०२२ मध्ये, एका वेब सिरीजमुळे. सिनेमाने, सिरीजने दार उघडलं एवढंच, आत गेल्यावर थांबायचं का ते लोकांनी ठरवलं.

प्रश्न: जुन्या गाण्यांचे रीमिक्स ऐकून डोकं उठतं. हे बंद व्हायला नको का?

उत्तर: बंद कशाला? नवीन माणसाने गाऊ नये म्हटलं तर वर लिहिलेलं अर्धं मला खोडावं लागेल. मला राग येतो तो मुखडा तेवढा उचलून अंतरा फेकून देतात त्याचा, कारण बऱ्याचदा गाण्याचा जीव अंतऱ्यात असतो, मुखडा तिथून परत येतो तेव्हाच त्याला अर्थ चढतो. 'लग जा गले' (१९६४) घरात कोणीतरी काम करता करता, वाद्यं नाहीत, सूर पण जरा इकडेतिकडे, नुसतं गुणगुणलं तरी आपण हातातलं काम थांबवतो की नाही? मदनमोहन यांच्या त्या चालीला रीमिक्सने काय होणार आहे.