'नोकरी सोडू का?' विचारणारी आई

'नोकरी सोडू का?' हा प्रश्न घेऊन आया माझ्याकडे समुपदेशनासाठी वर्षभर येतात, पण शाळांच्या ओपन हाऊसनंतरच्या आठवड्यात जरा जास्तच. प्रश्नामागची भीती ठरलेली असते. मी दिवसभर बाहेर, मुलांना वेळ देता येत नाही, त्यांचं काहीतरी बिघडतंय आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असेल. आज ज्या घराविषयी लिहिते आहे, त्या घरातल्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कांदिवलीला राहते, फोर्टमधल्या एका विमा कंपनीत अधिकारी आहे. नवरा अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला. थोरली आठवीत, धाकटा दुसरीत. घरात सासूबाई, गुडघ्यांनी बेजार पण कान तिखट. सकाळी सव्वाआठच्या सुमाराची गाडी, परत यायला साडेसात-पावणेआठ. ओपन हाऊसमध्ये थोरलीचा गणिताचा पेपर समोर ठेवत बाई म्हणाल्या, "आई, जरा लक्ष द्या हिच्याकडे. वर्गात अगदी गप्प असते हल्ली." बाबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. हे मी इतक्या घरांकडून ऐकलं आहे की आता आश्चर्य वाटत नाही, चीड मात्र अजून येते. त्या रात्री तिने राजीनामा टाइप करून ठेवला. पाठवला नाही, कारण घराच्या कर्जाचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला.

"वेळच नाही हो माझ्याकडे" असं ती पहिल्या भेटीत पुन:पुन्हा म्हणत होती. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात घरात काय काय झालं ते सांगा. तर म्हणाली, "नाशिकला माझी बहीण आहे. तिला दर रविवारी रात्री मी सगळी खबरबात व्हॉइस नोटमध्ये पाठवते. तीच ऐकवू का?" आम्ही दोघींनी ती ऐकली. थोरलीला युनिट टेस्टमध्ये २० पैकी ९. धाकट्याचा खोकला, डॉक्टरांनी सिरप बदललं. बसवाले काका बदलले, नवे दहा मिनिटं आधी येतात. स्नेहसंमेलनाचा ड्रेस भाड्याने आणायचाय. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. क्लासचा दुसरा हप्ता भरला. कामवाली दोन दिवस आली नाही. ऑफिसात ऑडिट. चल, कुकर झाला, ठेवते.

मी विचारलं, "थोरली सध्या कशाला हसते?" तिला सांगता येईना. "तिची घट्ट मैत्रीण कोण?" तिने एक नाव घेतलं आणि लगेच म्हणाली, "पण ती हल्ली येत नाही घरी." कधीपासून, ते आठवेना. बसची फी कोणत्या तारखेला भरायची, ते मात्र विचारायच्या आधी तोंडावर होतं. ती रडली. मला त्या रडण्याची घाई थांबवायची नव्हती, पण एक गोष्ट तिथल्या तिथे सांगितली: ज्या बाईला घरातल्या पाच माणसांच्या गोळ्या, फी, डबे, बस आणि तारखा पाठ आहेत, तिने घराकडे दुर्लक्ष केलंय असं म्हणता येत नाही. प्रश्न असलाच तर वेगळाच आहे.

पुढच्या भेटीला मुलांना बोलावलं. अशा वेळी मी मुलांना एक प्रश्न विचारते. तो माझा नाही, एलन गॅलिन्स्की या अमेरिकी संशोधक बाईंचा आहे. आईच्या नोकरीचा तुझ्यावर जो परिणाम होतो, त्यातली एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलशील? थोरलीने बराच वेळ नखं खरवडली आणि मग एका दमात बोलली. "आईने दारातच प्रश्न विचारू नयेत. चपला पण काढलेल्या नसतात. गृहपाठ झाला का, डबा संपवलास का, क्लासला गेलीस का. आणि मी सांगायला लागले की ती ओट्याकडे जाते." धाकट्याने ताईचं ऐकून घेतलं आणि स्वतःचं उत्तर दिलं: "आई ट्रेनमध्ये हसते. फोन केला की ऐकू येतं. तिथे तिच्या मैत्रिणी असतात."

लेडीज डब्यातून रोज प्रवास करणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ साली सुरू झाली. त्या डब्यांमध्ये भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, नवरात्रात रंग ठरतात, सासवांची गाऱ्हाणी होतात. दिवसातला तेवढाच वेळ असा, की जिथे तिच्याकडून कुणाला काही नको असतं. ते हसू धाकट्याने बरोबर टिपलं होतं. आईला मात्र ते ऐकताना आपण रंगेहाथ सापडल्यासारखं झालं. मी सांगितलं, ट्रेनमधलं हसणं बंद करायचं नाही.

गॅलिन्स्कींनी १९९९ साली जे प्रसिद्ध केलं, ते इथे सांगण्यासारखं आहे. त्यांनी तिसरी ते बारावीच्या हजाराहून अधिक मुलांना हा प्रश्न विचारला आणि मुलं काय म्हणतील याचा अंदाज आईवडिलांना बांधायला लावला. निम्म्याहून अधिक पालकांना वाटलं, मुलं आमचा जास्त वेळ मागतील. आईचा अधिक वेळ मागणारी मुलं प्रत्यक्षात शंभरात दहाच्या आसपास निघाली. त्याच्या तिपटीहून अधिक मुलांना हवं होतं ते असं, की आई कमी दमलेली आणि कमी ताणात असावी. ती मुलं अमेरिकेतली, त्यांच्या आयांना विरार फास्टमध्ये चढावं लागत नव्हतं. त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण मुंबईतली मुलं मला जे सांगतात, त्याचा सूर हाच असतो. 'क्वालिटी टाइम'चा सल्ला म्हणूनच मी सहसा देत नाही. दमलेल्या बाईच्या यादीत तो आणखी एक काम होऊन बसतो. रविवारी सगळ्यांना मॉलमध्ये नेऊन आणायचं आणि रात्री पाय चेपत बसायचं.

नवरा तिसऱ्या भेटीला आला. साधा, भला माणूस. "ती सांगेल ते मी करतो. कधी नाही म्हणत नाही," असं तो म्हणाला आणि ते खरं होतं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सांगायला मला आठवावं लागतं." यानंतर खोलीत मला फारसं बोलावं लागलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. 'आठवण्या'त जाणारा वेळ असा सहज मोजता येत नाही. तो लोकलमध्ये जातो, मीटिंगमध्ये जातो, रात्री दोन वाजता ड्रेस भाड्याने देणारं दुकान आठवण्यात जातो.

मग कामं वाटली. चार सुटी कामं त्याला दिली नाहीत. पूर्ण खाती दिली. मुलांची शाळा हे पूर्ण खातं त्याचं: बस, फी, वह्या, ओपन हाऊस, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सासूबाईंची औषधं आणि डॉक्टरही त्याच्याकडे. त्या शेवटी त्याच्याच आई. तिच्यासाठी सगळ्यात अवघड गेलं ते त्या ग्रुपमधून बाहेर पडणं. दोनदा बाहेर पडून ती परत आत आली. पहिल्याच महिन्यात धाकट्याला कार्डपेपर न्यायचा होता, बाबा विसरले, पोरगा शाळेत रिकाम्या हातांनी गेला. तिने मला ऑफिसातून फोन केला, "बघा, म्हणून मी देत नव्हते." मी विचारलं, धाकटा काय म्हणाला? तो म्हणाला होता, शेजारच्या मुलाकडून अर्धा घेतला. बाबा त्यानंतरही एकदा विसरले आणि तिसऱ्यांदा विसरले नाहीत.

पोळ्यांना बाई लावायचं ठरलं तेव्हा सासूबाई अडल्या. बाहेरच्या हाताच्या पोळ्या त्यांना चालणार नव्हत्या. अशा कथांमध्ये सासूला खलनायिका करून मोकळं व्हायची सवय आहे, पण या बाई टेलिफोन खात्यात तीस-एक वर्षं नोकरी केलेल्या. मी त्यांना विचारलं, तुमची मुलं कुणी सांभाळली? त्या म्हणाल्या, "कुणी म्हणजे? गिरगावात चाळीत होतो आम्ही. समोरच्या काकूंकडे किल्ली असायची. हा शाळेतून आला की त्यांच्याकडेच वरणभात जेवायचा. ताप आला तर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बघून जायच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या वेळी एवढं अवघड नव्हतं गं."

हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसाकडून येणं फार महत्त्वाचं होतं. एरवी "आम्ही नाही का केल्या नोकऱ्या?" हे ऐकायला मिळतं, आणि त्यात चाळीची गॅलरी हिशेबात धरलेली नसते. सार्वजनिक गॅलरी, उघडी दारं आणि नळावरच्या दहा बायका असं एक पाळणाघर गिरगाव-लालबाग-परळच्या बायकांना फुकट मिळत होतं. त्याच कुटुंबाची पुढची पिढी बोरिवली-कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये गेली तेव्हा स्वतःचं संडास-बाथरूम आलं, दार बंद झालं आणि काकूंचं सगळं काम एकट्या आईवर आलं. चाळीचे गोडवे गायचा माझा विचार नाही, तिथे खाजगी असं काही नव्हतं आणि बायकांनी तेही सोसलं. पण तुलना करायचीच तर पूर्ण करावी. सासूबाईंनी पोळीवाल्या बाईंना एक महिना 'बघू' म्हणून परवानगी दिली. अजूनही कडा जाड असतात म्हणतात आणि जेवतात.

आईला मी एकच गोष्ट करायला सांगितली. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, कप घेऊन मुलं असतील त्या खोलीत बसायचं. बोललीच तर ऐकायचं. फोन दुसऱ्या खोलीत. सोपं वाटतं, पण तिची जीभ शिवशिवायची. पहिले काही दिवस थोरली मोबाइलमधून डोकं वर काढेना. धाकट्याने मात्र संधी साधली, तो रोज कार्टूनची अख्खी गोष्ट सांगू लागला आणि ती कंटाळून जायची. कंटाळा येऊ दे म्हटलं.

थोरली बोलली ती बऱ्याच दिवसांनी, तेही दिवे बंद केल्यावर. मैत्रिणींनी तिला वगळून नवा ग्रुप केला होता. दिवाळीच्या सुट्टीपासून ती डब्याच्या सुट्टीत एकटी बसायची. गणिताच्या वर्गात ती ज्या बाकावर होती, तो त्याच मुलींच्या मागचा. म्हणजे आईची नोकरी आणि गणिताचे गुण यांचा जो थेट संबंध सगळ्यांनी लावला होता, तो लागत नव्हता. आई घरी असती तर तिला हे लवकर कळलं असतं का? कदाचित. घरी असलेल्या आयांच्याही मुली माझ्याकडे येतात, आणि त्यांनीही घरात सांगितलेलं नसतं.

इथे एक सांगायला हवं. आठवीतलं मूल गप्प होणं ही नेहमीच वयाची गोष्ट नसते. झोप-भूक बदलली, शाळेत जायलाच नकार, आवडीच्या गोष्टी सोडल्या, स्वतःला इजा करण्याची भाषा आली, आणि हे दोन आठवडे टिकलं तर मूल आपोआप बोलेल म्हणून वाट बघू नका. इजेची भाषा आली तर दोन आठवडेही नाहीत, त्याच दिवशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांना स्वतःला १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. या मुलीत त्यातलं काही नव्हतं, तरी मी तिला एकटीला वेगळं भेटले.

तान्ह्या बाळांच्या आयांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना वरचं सगळं लागू पडत नाही. त्यांच्यासाठी एवढंच: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करून आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणं मालकावर बंधनकारक झालं. ऑफिसात विचारा. विचारायला लाज वाटते म्हणून राजीनामा देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता त्या घरात काय चाललंय? राजीनामा ड्राफ्टमध्येच आहे, तिने तो काढून टाकलेला नाही आणि मीही काढा म्हटलेलं नाही. उपनगरातल्या शाखेत बदलीचा अर्ज तिने केलाय, उत्तर आलेलं नाही. थोरलीला नवी मैत्रीण मिळाली आहे, गुण ११ झाले आहेत. ती हल्ली काही गोष्टी बाबांना आधी सांगते, बसच्या थांब्यापर्यंत दोघं चालत जातात तेव्हा. हे कळल्यावर आई मला म्हणाली, "एवढं सगळं मी केलं आणि सांगते त्यांना?" हसत म्हणाली, पण लागलं होतं तिला. त्यावर आम्ही बोलतो आहोत.

गणिताचा क्लास बदलायचा की सोडायचा, यावर घरात तीन मतं आहेत. त्यासाठी पुढच्या भेटीला बाप-लेक दोघंच येणार आहेत. तिला त्या दिवशी ऑफिसात तिमाहीचं क्लोजिंग आहे.