मॅडम, आमचं लेकरू म्हणतं मी दोन्ही नाही

"मुलगा नाही आणि मुलगीपण नाही असं कुणी असतं का, हा आजार आहे का?" आईवडील हे इतक्यांदा विचारतात की एक केस सांगतेच, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आईवडील आणि १९ वर्षांचं लेकरू. वडील आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, हे स्वतःला न्यूट्रॉइस म्हणवतंय, म्हणजे नपुंसकच ना?" लेकराची मान खाली गेली.

मी आधी शब्दावरच बोलले. न्यूट्रॉइस हा शब्द १९९५ च्या आसपासचा, मुळाशी लॅटिनमधला न्यूटर, म्हणजे दोघांपैकी कुठलंच नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगते, नपुंसक शब्दाची संस्कृत व्याकरणातली फोडपण तीच, ना स्त्री ना पुमान. फोडीत कमीपणा कुठेच नाही, पण आज तो शब्द शिवीसारखा लागतो म्हणून माणसासाठी वापरू नका म्हटलं, आणि लैंगिक दुर्बलतेशी तर न्यूट्रॉइसचा काही संबंधच नाही. आजार म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत असं वेगळं वाटणं मानसिक आजारांत धरत नाहीत.

मग आई हळूच म्हणाली, "हल्ली नीट बोलतच नाही हो, अर्धवट वाक्यं."

मी ऐकत होते ना, अर्धवट नव्हती ती! मराठीत 'मी जातो' की 'मी जाते' हे पावलोपावली ठरवावं लागतं, आणि हे लेकरू दिवसभर त्यातून वाट काढत होतं, 'मला जायचंय', 'माझं जेवण झालं', 'मी येईन', कारण येईन दोघांनाही सारखंच. केवढी दमणूक असेल विचार करा. आईला हे सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली, म्हणाली मला वाटायचं माझ्यावर राग आहे.

वडिलांना एवढंच म्हटलं, आज काही पटलं पाहिजे असं नाही, पण टोमणे बंद, आणि तुला काय म्हणू हे एकदा तरी विचारा. झोप, जेवण उडालं किंवा जगणं नको वाटतंय असं बोललं तर थांबायचं नाही, लगेच मदत घ्यायची.

निघताना लेकरू दारात थांबलं, आईकडे बघितलं आणि म्हणालं, "पुढच्या वेळी मी एकटं येईन."

एकटा नाही, एकटी नाही. आई म्हणाली, "बरं, ये."